क्षितिजाखालून येणारे कण: न्यूट्रिनोंचा आगाऊ हिशेब

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबाद येथील फुगे उड्डाण केंद्र गेली पाच दशके शास्त्रीय उपकरणे स्थितांबरात, म्हणजे पावसाचे ढग आणि प्रवासी विमाने यांच्याही वर असलेल्या विरळ हवेच्या थरात, पाठवत आले आहे. पॉलिथिलिनच्या अतिशय पातळ पटलाचे, हायड्रोजनने भरलेले हे फुगे ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर काही तास तरंगतात आणि काम संपल्यावर उपकरणांची पेटी मोठ्या रंगीत हवाई छत्रीच्या आधाराने जमिनीवर उतरते. केंद्राच्या जाहीर निवेदनांनुसार ही पेटी हैदराबादपासून साधारणपणे २०० ते ३५० किलोमीटर अंतरावर पडू शकते, आणि ती सापडल्यास तिला हात न लावता जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे असे आवाहन प्रत्येक हंगामात केले जाते. जानेवारी २०२५ मध्ये बीदर जिल्ह्यातील जलसंगी या गावात अशी पेटी उतरली, तेव्हा गावकऱ्यांना प्रथम तिचा उलगडा झाला नव्हता. मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, बालाघाटच्या पठारावरील नेकनूर हे बीड तालुक्यातील गाव हैदराबादपासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटरवर आहे, म्हणजे अंतराच्या हिशेबाने तेही याच पट्ट्यात मोडते.

ज्या उंचीवर हे फुगे तरंगतात त्याच उंचीवरून, आणि पुढील काळात त्याहून कितीतरी वरच्या कृत्रिम उपग्रहांच्या कक्षेतूनही, विश्वाच्या दूरच्या भागांतून येणारे न्यूट्रिनो टिपण्याचे प्रयत्न जगात सुरू आहेत. फुग्यांची ही उड्डाणे हैदराबादेहून होत नाहीत. ती अंटार्क्टिका आणि न्यूझीलंड येथून होतात. मात्र या प्रयोगांचा पाया ज्या गणितावर आणि ज्या युक्तीवर उभा आहे, त्यांपैकी बराच भाग भारतीय विश्वकिरण संशोधनाच्या इतिहासात सापडतो. शिवाय उपकरण आकाशात जाण्याच्या कितीतरी आधी संगणकात त्याचे जे उड्डाण घडवले जाते, ज्याला सदृशीकरण किंवा रूढ भाषेत सिम्युलेशन म्हणतात, ते कोणत्याही भूभागावर मांडता येते. मग तो दक्षिण ध्रुवावरचा बर्फ असो की मराठवाड्याचा काळा कातळ.

न्यूट्रिनो हा विद्युत्भार नसलेला, जवळजवळ वस्तुमानहीन मूलकण आहे. वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये त्याच्या अस्तित्वाची कल्पना मांडली आणि १९५६ मध्ये फ्रेडरिक राइनस व क्लाइड कोवन यांनी तो अणुभट्टीजवळ प्रत्यक्ष टिपला. सूर्यातून निघालेले सुमारे ६५ अब्ज न्यूट्रिनो पृथ्वीवरील प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला आरपार जातात आणि कशालाही धक्का लावत नाहीत, कारण हे कण द्रव्याशी केवळ क्षीण बलाने आंतरक्रिया करतात. त्यांचे तीन प्रकार आहेत: इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो, म्युऑन न्यूट्रिनो आणि टाऊ न्यूट्रिनो. द्रव्यावर आदळून ज्या भारित कणाला तो जन्म देतो, त्याचे नाव त्या त्या प्रकाराला मिळाले आहे. प्रवासात हे प्रकार एकमेकांत बदलत राहतात. दूरच्या खगोलीय स्रोतात टाऊ न्यूट्रिनो जवळपास तयारच होत नाहीत. तरीही पृथ्वीपर्यंत पोहोचेतो तिन्ही प्रकारांचे प्रमाण साधारण सारखे झालेले असते. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

भारतात न्यूट्रिनोंचा शोध जमिनीच्या वर नव्हे, तर खोल पोटात सुरू झाला. कर्नाटकातील कोलार येथील सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, टाटा संस्था, जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये वातावरणात निर्माण झालेले न्यूट्रिनो प्रथमच टिपले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील एका खाणीत राइनस यांच्या गटानेही तसेच निरीक्षण नोंदवले. एम. जी. के. मेनन आणि बी. व्ही. श्रीकांतन यांची नावे या प्रयोगाशी जोडलेली आहेत. तेथे वापरलेली युक्ती मोठी मार्मिक होती. इतक्या खोलवर वरून येणारे म्युऑन कण जवळजवळ उभ्या दिशेनेच पोहोचू शकतात, कारण तिरक्या मार्गावर त्यांना कितीतरी अधिक खडक भेदावा लागतो आणि ते वाटेतच थांबतात. म्हणून उपकरणे भिंतींसारखी उभी रचली गेली आणि जो म्युऑन जवळपास आडव्या दिशेने आला, तो आजूबाजूच्या खडकात न्यूट्रिनोनेच निर्माण केलेला असला पाहिजे असा निष्कर्ष काढता आला. कण कोणता हे त्याच्या दिशेवरून ओळखायचे, आणि त्या दिशेने दुसरे काही येऊच शकत नाही हे आधी गणिताने सिद्ध करायचे, ही रीत आज स्थितांबरातील फुग्यावर तशीच वापरली जाते.

विश्वाच्या दूरच्या भागांतून येणाऱ्या उच्च ऊर्जेच्या न्यूट्रिनोंचा पहिला ठोस पुरावा २०१३ मध्ये दक्षिण ध्रुवावरील आइसक्यूब या प्रयोगाने दिला. तेथे एक घन किलोमीटर बर्फात ५,१६० प्रकाशसंवेदक पुरलेले आहेत. भूमध्य समुद्राच्या तळाशी उभारल्या जात असलेल्या केएमथ्रीनेट या प्रयोगाने १३ फेब्रुवारी २०२३ रोजी जो कण नोंदवला, त्याची ऊर्जा सुमारे २२० पेटा इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे २२ च्या पुढे सोळा शून्ये इतके इलेक्ट्रॉन व्होल्ट असावी असा अंदाज आहे. एका व्होल्टच्या विद्युत्दाबातून गेल्यावर इलेक्ट्रॉनला जी ऊर्जा मिळते ती एक इलेक्ट्रॉन व्होल्ट. याहूनही वर, एकावर अठरा शून्ये इतक्या ऊर्जेच्या टप्प्यात, न्यूट्रिनो असलेच पाहिजेत असे मानायला १९६० च्या दशकापासून सबळ कारण आहे. अत्युच्च ऊर्जेचे विश्वकिरण जेव्हा अवकाशभर पसरलेल्या सूक्ष्मतरंग प्रारणावर आदळतात, तेव्हा तयार होणाऱ्या अल्पायुषी कणांच्या क्षयातून असे न्यूट्रिनो बाहेर पडतात. त्यांची ऊर्जा जिनिव्हाजवळील मोठ्या त्वरकातील प्रोटॉनच्या सुमारे दीड लाख पट असते. त्यांची संख्या मात्र इतकी अल्प आहे की एक घन किलोमीटर बर्फही त्यांच्यासाठी अपुरा पडतो.

येथे पृथ्वीलाच उपकरणाचा भाग करून घेण्याची कल्पना पुढे येते. टाऊ न्यूट्रिनो पृथ्वीच्या कडेला घासून, म्हणजे पृष्ठभागाशी अगदी लहान कोन करून, कवचातून गेला आणि बाहेर पडण्याच्या जरा आधी खडकावर आदळला, तर त्यातून टाऊ हा भारित कण जन्मतो. टाऊचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाख कोटी भागांपैकी सुमारे तीन भाग इतके असते. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी अंतर जातो. पण वेगाने धावणाऱ्या कणाचे आयुष्य स्थिर निरीक्षकाला लांबलेले दिसते, हा सापेक्षता सिद्धांताचा परिणाम येथे कामी येतो. एकावर सतरा शून्ये इतक्या ऊर्जेच्या टाऊचे आयुष्य साडेपाच कोटी पटींनी लांबते आणि तो सरासरी पाच किलोमीटर अंतर कापतो. विश्वकिरणांतील अस्थिर कणांच्या आयुष्यात असा फरक दिसला पाहिजे, हे होमी भाभा यांनी १९३८ मध्येच ‘नेचर’ नियतकालिकातील टिपणात लिहिले होते, आणि तीनच वर्षांनी म्युऑनच्या बाबतीत त्याची प्रायोगिक खातरजमा झाली.

खडकातून निसटलेला टाऊ हवेत फुटला की त्याच्या अवशेषांपासून कणांचा एक प्रचंड लोंढा तयार होतो: एका कणापासून दोन, दोनापासून चार, अशा रीतीने अब्जावधी इलेक्ट्रॉन आणि फोटॉन काही किलोमीटरच्या प्रवासात निर्माण होतात. या कणवर्षावाची वाढ आणि घट कशी होते याचे पहिले पद्धतशीर गणित भाभा आणि वॉल्टर हाइट्लर यांनी १९३७ मध्ये मांडले, तेही संगणकाच्या पूर्वीच्या काळात. आज उटी येथील टाटा संस्थेच्या ग्रेप्स-३ या विश्वकिरण प्रयोगात जे कणवर्षाव संगणकावर घडवले जातात, त्यांच्या मुळाशी हीच कल्पना आहे. उटीत वर्षाव आकाशातून खाली येतो, तर टाऊचा वर्षाव जमिनीतून वर चढतो, एवढाच दिशेचा उलटा फरक. वर्षावातील इलेक्ट्रॉन हवेतील प्रकाशाच्या वेगापेक्षा जलद जात असल्याने चेरेन्कोव्ह प्रकाश नावाचा निळसर प्रकाश त्यांच्या पुढच्या दिशेने एका अरुंद शंकूत पसरतो. हवेत हा शंकू मध्यापासून जेमतेम सव्वा ते दीड अंश उघडतो आणि त्याची चमक सेकंदाच्या काही अब्जांश भागांपुरती टिकते. त्याबरोबरच पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र वर्षावातील ऋण आणि धन भारांना विरुद्ध बाजूंना ढकलते आणि त्यातून रेडिओ लहरींचा एक क्षणिक स्पंद निघतो.

हे सारे नेकनूरच्या भूमीवर ठेवून पाहिले, तर त्याचे परिमाण लक्षात येते. एक टाऊ न्यूट्रिनो पूर्वेकडून येऊन नेकनूरजवळ पृष्ठभागाशी पाच अंशांचा कोन करून बाहेर पडत आहे असे समजू. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, तर त्याचा जमिनीखालचा सरळ मार्ग सुमारे १,११० किलोमीटर लांब भरतो. म्हणजे तो बंगालच्या उपसागरात, ओडिशाच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाखाली शिरलेला असतो. वाटेत तो जास्तीत जास्त २४ किलोमीटर खोल जातो आणि बालाघाटच्या बेसाल्ट खडकातून वर येतो. एकावर अठरा शून्ये एवढ्या ऊर्जेच्या न्यूट्रिनोला खडकात आदळण्यापूर्वी सरासरी सहाशे किलोमीटरच्या आसपास जावे लागते. तेव्हा या मार्गावर तो कोठे ना कोठे आदळण्याची शक्यता मोठी असते, पण उपयोगाची टक्कर फक्त शेवटच्या काही किलोमीटरांतलीच, कारण त्याआधी जन्मलेला टाऊ खडकातच ऊर्जा गमावून संपतो. या दोन अटींमुळे हजार न्यूट्रिनोंपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच टाऊ बाहेर पडतात. तो टाऊ पश्चिमेकडे वर चढत काही किलोमीटरवर फुटतो आणि त्याचा प्रकाश ३३ किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचतो तेव्हा नेकनूरपासून सुमारे ३०० किलोमीटर दूर, कर्जत-पनवेलच्या आकाशात असतो. तेथे प्रकाशाचे वर्तुळ तेरा-चौदा किलोमीटर रुंद झालेले असते. फुगा त्या वर्तुळात असेल आणि त्याची दुर्बीण पूर्वेकडे क्षितिजाच्या किंचित खाली रोखलेली असेल, तरच घटना नोंदली जाईल.

याच्या उलट, नेकनूरच्या माथ्यावर ३३ किलोमीटर उंचीवर तरंगणाऱ्या फुग्याचे क्षितिज सर्व बाजूंना सुमारे ६५० किलोमीटरवर असते. मुंबई, पणजी, अहमदाबाद, भोपाळ, नागपूर, हैदराबाद हा सारा प्रदेश त्याच्या नजरेत येतो. बेंगळुरू तेवढे जरासे बाहेर राहते. कृत्रिम उपग्रह ५२५ किलोमीटरवर असेल तर हेच अंतर २,६०० किलोमीटरच्या वर जाते. आइसक्यूबच्या एका घन किलोमीटरपुढे हे क्षेत्र अफाट आहे आणि फुग्यांच्या प्रयोगांचे सारे आकर्षण त्यातच आहे. परंतु या विशाल क्षेत्रातील कोणत्या बिंदूवरून, कोणत्या कोनात, किती ऊर्जेने निघालेला वर्षाव दुर्बिणीला दिसेल, हे कोणत्याही एका सूत्राने सांगता येत नाही. कारण एकामागून एक येणाऱ्या पाच-सहा टप्प्यांपैकी प्रत्येक टप्पा संभाव्यतेच्या हाती असतो.

अशा प्रश्नांसाठी १९४० च्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे स्टानिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी माँटे कार्लो पद्धत विकसित केली. तिच्यात प्रत्येक टप्प्यावर यादृच्छिक संख्या काढून एका काल्पनिक कणाचे पुढचे पाऊल ठरवले जाते आणि असे लक्षावधी कण चालवून सरासरी काढली जाते. पीक कापणी प्रयोगात महसूल मंडळातील चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मोजक्या प्लॉटवरून साऱ्या मंडळाचे सरासरी उत्पन्न ठरवतात, त्याच जातीचा हा हिशेब आहे. त्यातील मुख्य अडचण अशी की हजारातला एखादाच न्यूट्रिनो उपयोगी टाऊ देतो, आणि त्यातलेही फारच थोडे वर्षाव फुग्याच्या दिशेने जातात, त्यामुळे सरळ मार्गाने गेल्यास संगणकाचा बहुतेक वेळ वाया जाणाऱ्या कणांवर खर्ची पडेल. यावर उपाय म्हणून फक्त दुर्बिणीला दिसू शकतील असेच मार्ग निवडतात, प्रत्येक न्यूट्रिनोला खडकात आदळायला लावतात आणि ती घटना प्रत्यक्षात किती दुर्मीळ आहे त्या प्रमाणात तिला लहान वजन देतात. अखेरीस बेरीज होते ती या वजनांची. वजन चुकले तर आकडा सुबक दिसतो, पण तो पूर्णपणे खोटा असतो. म्हणून अशा आज्ञावलीची तपासणी हा स्वतंत्र संशोधनाचा विषय बनला आहे.

अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या पाठबळाने तयार झालेली न्यूस्पेससिम ही आज्ञावली या क्षेत्रात सध्या सर्वांत व्यापक मानली जावी. गॉडार्ड अवकाश केंद्रातील जॉन क्रिझमॅनिक यांच्या नेतृत्वाखाली अनेक विद्यापीठांनी ती उभी केली असून ती सर्वांना मोफत उपलब्ध आहे. तिचा पृथ्वीच्या आतला भाग न्यूपायप्रॉप या नावाने आयोवा विद्यापीठातील मेरी हॉल रेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिला. पृथ्वीच्या थरांची घनता त्यात भूकंपलहरींवरून तयार केलेल्या प्रतिमानातून घेतली जाते आणि वरच्या पाण्याच्या थराची जाडी बदलून पाहता येते. हा बदल वरवर क्षुल्लक वाटतो, पण तसा नाही. घन खडकात न्यूट्रिनोच्या टकरी अधिक होतात, त्याच वेळी टाऊची ऊर्जाही लवकर संपते. पाण्यात टकरी कमी, पण टाऊचा टिकाव जास्त. त्यामुळे अत्युच्च ऊर्जेला समुद्र किंवा बर्फ फायद्याचा ठरतो आणि त्याखालच्या ऊर्जेला खडक. दख्खनच्या पठारावरून उडणारा फुगा आणि प्रशांत महासागरावरून उडणारा फुगा यांची अपेक्षित नोंद म्हणूनच सारखी येत नाही. शिवाय फुटणाऱ्या टाऊमधून पुन्हा एक टाऊ न्यूट्रिनो निघतो, कमी ऊर्जेचा का होईना, आणि तो पुढे पुन्हा आदळू शकतो. ही पुनर्निर्मिती केवळ टाऊच्या वंशात महत्त्वाची ठरते आणि तिचा हिशेब ठेवणे हे या आज्ञावलीचे एक मोठे काम आहे.

टाऊ बाहेर पडल्यावर तो कसा फुटतो हेही चिठ्ठीवरच ठरते. सुमारे ६५ टक्के वेळा त्यातून पायऑनसारखे कण निघतात, साधारण १८ टक्के वेळा इलेक्ट्रॉन आणि जवळपास तितक्याच वेळा म्युऑन. म्युऑन निघाला तर हवेत सहसा मोठा वर्षाव होत नाही आणि ती घटना हातची जाते. त्यापुढे वर्षावाची वाढ, प्रकाशाचे हवेत होणारे विकिरण, ओझोनकडून होणारे शोषण, धूळ आणि ढग यांचा हिशेब येतो. महाराष्ट्रातील वाचकाला यातील ढगांचा भाग सहज समजेल. जून ते सप्टेंबर या काळात दख्खनवर ढगांचे आच्छादन असते; एक-दोन किलोमीटर उंचीवर फुटलेल्या टाऊचा प्रकाश त्या छताखालीच अडकतो आणि फक्त ढगांच्या वर फुटलेले टाऊ दिसतात. न्यूस्पेससिममध्ये त्यासाठी उपग्रहांच्या माहितीवर आधारलेले ढगांचे मासिक नकाशे जोडलेले आहेत.

हैदराबादेहून अशी दुर्बीण का उडवत नाहीत, याचे उत्तरही याच हिशेबातून मिळते. चेरेन्कोव्ह प्रकाशासाठी चंद्रहीन, काळीकुट्ट रात्र लागते, आणि वरच्या उदाहरणातला फुगा कर्जत-पनवेलच्या आकाशात असता तर मुंबई महानगराच्या उजेडाने तो आंधळा झाला असता. रेडिओ लहरींना रात्रीची अट नाही. उलट मराठवाड्यात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मुख्यतः दक्षिणोत्तर आणि बऱ्याच अंशी आडवे असल्याने पूर्व-पश्चिम जाणाऱ्या वर्षावाशी ते जवळपास काटकोन करते आणि स्पंद जोरदार निघतो. पण मोबाइल मनोरे, दूरदर्शन आणि रडार यांच्या गोंगाटात तो ओळखणे अतिशय कठीण. तिसरे कारण वेळेचे. हैदराबादचे फुगे खालून उघडे असतात, दिवसा तापून वायू बाहेर सोडतात, रात्री खाली येऊ लागतात आणि त्यांचे उड्डाण दहा तासांच्या आतच संपवले जाते. न्यूट्रिनोंसाठी आठवडेच्या आठवडे लागतात. त्यासाठी बंद, भोपळ्यासारख्या आकाराचे अतिदाब फुगे वापरतात, जे दिवसरात्र एकाच उंचीवर राहू शकतात, किंवा अंटार्क्टिकाच्या, सूर्य न मावळणाऱ्या उन्हाळ्यात, माणसाच्या रेडिओ गोंगाटापासून दूर, साधे फुगे उडवले जातात.

अंटार्क्टिकावरील अनिता या रेडिओ प्रयोगाची चार उड्डाणे २००६ ते २०१६ या दशकात झाली. त्यात दोन स्पंद असे सापडले की ते क्षितिजाखाली तीसेक अंशांच्या तीव्र कोनातून वर आल्यासारखे दिसत होते. काही काळ त्यांची मोठी चर्चा झाली. परंतु त्या कोनात पृथ्वीतील मार्ग पाच ते सात हजार किलोमीटरचा असतो, आणि तितक्या ऊर्जेचा न्यूट्रिनो इतक्या लांब टिकणे सदृशीकरणानुसार जवळपास अशक्य. शिवाय असे तीव्र कोनातले टाऊ येत असतील, तर क्षितिजालगतच्या सोप्या कोनात त्यांच्या कितीतरी पट अधिक दिसायला हवे होते, ते दिसले नाहीत. अर्जेंटिनातील पिएर ऑजे वेधशाळेने आपल्या अनेक वर्षांच्या नोंदी अशाच सदृशीकरणाच्या चाळणीतून तपासल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात अनिताच्या घटनांना आधार मिळाला नाही. त्या दोन स्पंदांचे कारण अजून निश्चित झालेले नाही. तरीही नव्या कणाचा दावा मान्य करण्यापूर्वी ‘किती दिसायला हवे होते’ हा प्रश्न विचारण्याची शिस्त या प्रकरणाने घालून दिली, हे त्याचे मोल मोठे आहे.

यूसो-एसपीबी-२ या अतिदाब फुग्याचे भाग्य वेगळे होते. १३ मे २०२३ रोजी न्यूझीलंडमधील वानाका येथून तो उडाला, पण फुग्याला गळती लागली आणि सुमारे ३७ तासांतच तो प्रशांत महासागरात उतरवावा लागला. ज्यासाठी शंभर दिवसांची आशा होती ते काम दीड दिवसात आटोपले. एवढ्या वेळात न्यूट्रिनो दिसण्याची अपेक्षाच नगण्य होती, हे सदृशीकरणावरून आधीच ठाऊक होते. मात्र त्याच्या चेरेन्कोव्ह दुर्बिणीने क्षितिजाच्या किंचित वरून, वातावरणातच जन्मलेले आडवे वर्षाव टिपले, आणि असे वर्षाव दिसतील हेही गणिताने आधी सांगितले होते. उपकरण आणि त्याचा आगाऊ हिशेब यांचा मेळ बसतो, एवढे त्या अल्पायुषी उड्डाणाने दाखवून दिले. केएमथ्रीनेटच्या २०२३ मधील घटनेबाबत नेमका असा मेळ अद्याप बसलेला नाही: त्याहून मोठ्या क्षेत्रावर आणि अधिक काळ नजर ठेवणाऱ्या आइसक्यूब आणि ऑजे यांना तेवढ्या ऊर्जेचा कण दिसलेला नाही, आणि हा विरोध किती गंभीर मानायचा हे प्रत्येक प्रयोगाच्या सदृशीकरणातील पकडक्षमतेच्या आकड्यावर ठरते.

हे आकडे निर्दोष आहेत असे मात्र नाही. मोठ्या त्वरकात होणाऱ्या टकरींची ऊर्जा स्थिर लक्ष्याच्या हिशेबात एकावर सतरा शून्ये एवढीच पडते. त्यापुढे न्यूट्रिनो अणुकेंद्रावर किती वेळा आदळतो, आणि अणुकेंद्रांजवळून जाताना टाऊ किती ऊर्जा गमावतो, हे ज्ञात आकड्यांवरून पुढे ताणून काढावे लागते. वेगवेगळ्या प्रतिमानांतून येणारी उत्तरे वेगळी पडतात, म्हणून न्यूपायप्रॉपमध्ये एकाहून अधिक प्रतिमाने निवडण्याची सोय ठेवली आहे. एकच आकडा छातीठोकपणे सांगण्यापेक्षा हा फरक उघड ठेवणे अधिक प्रामाणिक आहे.

अचानक उद्भवणाऱ्या स्रोतांसाठी केलेले सदृशीकरण मराठवाड्याला आणखी जवळचे आहे. नेकनूरपासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात, लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारली जाणार आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहू असलेल्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वलहरी टिपल्या की तो स्रोत आकाशात कोठे आहे हे अधिक वेधशाळा असतील तितके नेमके सांगता येते, आणि अशा मीलनातून न्यूट्रिनो निघत असतील तर ते टिपण्यासाठी दुर्बीण तिकडे वळवावी लागते. पण येथे दुर्बीण स्रोताकडे थेट रोखायची नसते. स्रोत पृथ्वीच्या कडेमागे किंचित बुडालेला असेल तेव्हाच त्याचे न्यूट्रिनो कवचातून घासून येतात. पोएमा या प्रस्तावित प्रयोगातील दोन उपग्रह ५२५ किलोमीटर उंचीवरून सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करतील आणि ५०० सेकंदांत ९० अंशांनी वळू शकतील अशी त्यांची आखणी आहे. प्रत्येक फेरीत एखादा स्रोत त्या अरुंद पट्टीत काही मिनिटेच राहतो, त्यातही सूर्यप्रकाश आणि चंद्रप्रकाश यांचा काळ वजा करावा लागतो, आणि स्रोताची दिशा कक्षेच्या पातळीशी कोणता कोन करते यावर कधी तो प्रत्येक फेरीत दिसतो, तर कधी कित्येक दिवस दिसतच नाही.